मामाजींच्या ट्रॅक्टरमागची शर्यत

आमच्या गावात होळी झाली की शंकरपट भरतो. बैलजोड्या पळतात, लोक धुळीने माखतात, जिलबी खातात आणि वर्षभर पुरेल एवढी भांडणं घेऊन घरी जातात. मागे एका वर्षी जनावरांना लंपीची साथ आली आणि पटाला परवानगी मिळाली नाही. पटाची समिती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तोंड पाडून बसली. समितीचे अध्यक्ष सिंदीच्या बाजारात कापसाचा व्यापार करायचे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. शेवटी ते म्हणाले, "बैल नाई पळत त नाई पळत. आपन गाड्या पळवू."

"कोनत्या गाड्या जी?"

"ज्या हायेत त्या. अर्ध्या गावाच्या आंगनात एकेक गाडी सडून राह्यली."

हे मात्र खरं होतं. आमचं गाव जामच्या चौकापासून आत, आणि जामला हायवेवर जुन्या गाड्यांचा धंदा जोरात. कापूस विकून परत येताना आमच्या लोकांना बायकोसाठी साडी घ्यायचं सुचत नाही, पण जुनी गाडी मात्र दिसते. मग ती गाडी घरी येते, दोन महिने चालते आणि नंतर तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

ठाणेदारसाहेबांकडे अर्ज गेला. ते समजूतदार गृहस्थ होते. बदली होऊन नुकतेच आलेले, त्यामुळे गावाची त्यांना पुरती कल्पना नव्हती. त्यांनी एकच अट घातली. शर्यतीवर एक सुरक्षा अधिकारी पाहिजे, तो कोणत्याही गाडीचा मालक नको, त्याला पंचगिरीचा अनुभव पाहिजे, आणि त्याचा शब्द शेवटचा.

गावात पंचगिरीचा अनुभव असलेली व्यक्ती एकच होती. मी. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून जिल्हाभर फिरले आहे, एकदा आंजीच्या मैदानावर तर दोन्ही संघांनी मिळून माझ्याविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. पण गाड्यांचं मला काय कळणार? मी तसं स्पष्ट सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, खो-खोत पळतातच ना?"

"पळतात."

"इथंबी पळतेच. तिथं पोरी, इथं गाड्या. बाकी काय फरक?"

मग मी खरी अडचण सांगितली. शर्यतीत उतरणाऱ्या सात जणांत माझा नवरा होता. त्याचं जामच्या चौकात बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि त्याच्याकडे एक पांढरी गाडी आहे, आमच्या लग्नाहून जुनी. तो ती इतकी हळू चालवतो की एकदा बैलबंडीवाल्याने मागून आवाज दिला होता, भाऊ, बाजूले घ्या, मले उशीर होऊन राह्यला. असा माणूस शर्यतीत का उतरतोय, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "जिंकाले नाई. गाडीले जरा फिरवून आनतो."

समितीला ही अडचण वाटलीच नाही. अध्यक्ष उलट खूश झाले. "मंग त लयच चांगलं. जे बाई नवऱ्याले थांबवू शकते, ते कोनालेबी थांबवते."

झालं. मी सुरक्षा अधिकारी झाले.

मी घरी येऊन मोबाइलवर परदेशातल्या गाड्यांच्या शर्यती पाहायला बसले. गाड्या गोल गोल फिरतात, एकमेकींना धडकतात, आणि वर मचाणावर बसलेली माणसं झेंडे दाखवतात. हिरवा म्हणजे निघा. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, जपून चला, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे जागच्या जागी थांबा. काळा ज्याला दाखवला तो बाद. आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा म्हणजे शर्यत संपली. पिवळा झेंडा वर गेला की एक वेगळीच गाडी मैदानात येते, सगळ्यांच्या पुढे राहते आणि धोका टळेपर्यंत सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवते. मला ही पद्धत फारच आवडली. वर्गाला प्रार्थनेहून परत नेताना आम्ही हेच करतो.

दुसऱ्या दिवशी मी समितीत झेंड्यांचं सांगितलं. हिरवा म्हटलं तर एक जण खाकरला. मग भगव्याने सुरू करू म्हटलं तर दुसरा खाकरला. निळा म्हटल्यावर तिसरा म्हणाला, "पाहा बापा, इचार करा, निवडनूक जवळ हाय." शेवटी झेंडे नकोच, घरातल्या वस्तू घेऊ असं ठरलं. निघायला माझी शिट्टी. पिवळ्याच्या जागी माझ्या हळदीची पिवळी साडी. लालच्या जागी शाळेच्या टेबलावरचं लाल कापड. काळ्या झेंड्याला काळी छत्री, ज्याच्याकडे रोखून उघडली तो बाद. आणि शेवटी दाखवायला माझ्या नवऱ्याची लुंगी, कारण काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गावात दुसरं कोणाकडे नव्हतं.

नवऱ्याला हे घरी सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"माही लुंगी सबन गावासमोर फडकवतं काय?"

"धुऊन नेते."

"धुवाचा प्रश्न नाई वो."

पण लुंगी गेली.

राहिली ती पुढे चालायची गाडी. असं वाहन पाहिजे होतं, ज्याला कोणी ओलांडायची हिंमत करणार नाही. मला एकच नाव सुचलं. माझे सासरे. मामाजी त्यांचा जुना ट्रॅक्टर घेऊन रस्त्याने निघाले की जामपर्यंत मागे रांग लागते. हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो, कारण मामाजींना ऐकू कमी येतं. ही गोष्ट मला माहीत होती, आणि तरीही मी त्यांना नेमलं. मला त्यांचा संथपणा दिसला, कान दिसले नाहीत.

मी त्यांच्या कानाशी जाऊन समजावलं. "मामाजी, पिवळी साडी वर गेली की तुम्ही आत यायचं, सगळ्यांच्या समोर. साडी खाली आली की तुम्ही बाहेर."

मामाजींनी मान हलवली. "समजलं. म्या समोर, बाकी सारे मांगं."

"आणि साडी खाली आली की?"

"हो हो. म्या समोर."

गहू काढून रिकाम्या झालेल्या एका वावरात चुन्याने मोठं लंबगोल मैदान आखलं. वळणांवर कुटाराने भरलेली पोती रचली, म्हणजे गाडी सुटली तर भुशात शिरेल. लोकांसाठी पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं, कुंपण केलं. बक्षीस म्हणून अध्यक्षांनी मोठा लोखंडी कूलर ठेवला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना त्या कूलरकडे लोक कसे पाहत होते ते सांगायला नको.

सकाळी मी गाड्या तपासल्या. हेल्मेट सक्तीचं केलं होतं. एकाने क्रिकेटचं आणलं, जाळीसकट. एकाने लग्नातला फेटा बांधला आणि म्हणाला, हेल्मेटपेक्षा जाड हाय, हात लावून पाहा. मी हात लावून पाहिला, जाड होता, तरी नाही म्हटलं. मग त्याने फेट्यावरून हेल्मेट घालायचा प्रयत्न केला, आणि ते डोक्यावर असं उंच बसलं की गाडीत मावेना. त्याला फेटा सोडावा लागला, आणि त्याबद्दल त्याची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

मग ब्रेक. मैदानात एक बाज टाकली आणि प्रत्येकाला सांगितलं, गाडी जोरात आणून बाजेच्या अलीकडे थांबवायची. पहिल्या दोघांना जमलं. तिसरा गावातला कोंबडीवाला होता, लाल व्हॅनवाला. त्याची व्हॅन बाज घेऊन पुढे गेली आणि बाज घेऊनच परत आली. तो खिडकीतून म्हणाला, "मॅडम, ब्रेक हाय, पन त्याले थोडं अगुदर सांगा लागते." मी त्याला तासाभरात ब्रेक दुरुस्त करून आणायला लावला. आणला. दुसऱ्या बाजेवर जमलं.

माझ्या नवऱ्याची गाडी बाजेपासून इतकी दूर थांबली की मला चालत जाऊन तिची पाहणी करावी लागली. तिच्या दाराला कडी नीट बसत नव्हती, ते मी तेव्हाच पाहायला हवं होतं. पण नवऱ्याच्या दाराकडे वीस वर्षं पाहत आलेली बाई ते दार पाहत नाही.

ठाणेदारसाहेब आले, खुर्ची टाकून बसले. मी शाळेच्या दोन टेबलांवर तिसरं ठेवून केलेल्या मचाणावर चढले. शेजारी माइक, खांद्यावर साडी, काखेत छत्री. समोर शेवटच्या रेषेवर कोतवालभाऊ लुंगी घेऊन उभे. त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, शेवटच्या फेरीत जो पहिला रेषेवर येईल त्याला लुंगी दाखवायची.

शिट्टी वाजली. सात गाड्या निघाल्या आणि लगेच दिसेनाशा झाल्या, एवढी धूळ उडाली. धुळीतून फक्त आवाज यायचे. पहिली गाडी फेरी पुरी करून आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कोणासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात शेवटी, धूळ खाली बसल्यावर, माझा नवरा आला. त्याने मला पाहून हात केला.

दुसऱ्या का तिसऱ्या फेरीत मला मैदानाच्या मधोमध एक बाई दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीत जेवणाचा डबा. आमच्या शेजारची मावशी. रोज या वेळी ती याच वावरातून पलीकडे आपल्या लेकाला डबा घेऊन जाते, आणि आज जाऊ नको असं तिला सांगायचं कोणालाही सुचलं नव्हतं. पऱ्हाट्यांचं कुंपण तिने एका हाताने बाजूला सारलं होतं.

मी साडी वर केली. मामाजी तयारच होते. ट्रॅक्टर धडधडत आत आला, गाड्या त्याच्यामागे गोळा झाल्या, सगळं अगदी परदेशातल्यासारखं झालं. मला फार अभिमान वाटला. मावशी सावकाश रस्ता ओलांडत होती. माझ्या मचाणापाशी येऊन ती थांबली.

"मॅडम, आमच्या नातीले खो-खोत काऊन नाई घेतलं?"

"मावशी, नंतर बोलू. गाड्या थांबल्या आहेत."

"त थांबू द्या. पयते चांगली पोरगी."

"घेते. घेते मावशी. चला."

ती गेली. मी साडी खाली केली आणि शिट्टी फुंकली.

ट्रॅक्टर बाहेर गेला नाही.

मामाजींनी वळण घेतलं आणि दुसरी फेरी सुरू केली. मी पुन्हा शिट्टी फुंकली. मग माइक घेतला. आता माझी खरी पंचाईत. समोर सगळं गाव, आणि माइकवरून सासऱ्यांना बाहेर व्हा म्हणायचं. मी म्हटलं, "मामाजी, आपण कृपया मैदानाबाहेर यावं ही विनंती." ट्रॅक्टर माझ्यासमोरून गेला. मामाजींनी माझ्याकडे पाहून मान लववली आणि लोकांना नमस्कार केला. लोकांनीही केला.

अध्यक्षांनी एक माणूस पळवला. तो ट्रॅक्टरच्या बाजूने धावत हातवारे करू लागला. मामाजींनी ट्रॅक्टर थोडा हळू केला, हात दिला आणि त्याला चाकावरच्या पत्र्यावर बसवून घेतलं. दुसरा माणूस पाठवला. तो दुसऱ्या बाजूला बसला. पुढच्या फेरीला दोघंही लोकांना हात करत होते. शेवटी अध्यक्ष स्वतः मैदानात उतरले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. मामाजींनी त्यांच्यासाठी ट्रॅक्टर जवळजवळ थांबवला, मागून कोणी ढकललं, वरून कोणी ओढलं, आणि अध्यक्ष वर चढले. मी म्हटलं, आता सुटले. पण वर चढताच अध्यक्षांना समोर सगळं गाव दिसलं, आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून हलवायला सुरुवात केली. नंतर ते म्हणाले, म्या बुढ्याच्या कानात वरडून वरडून सांगितलं, पण इंजिनाच्या आवाजात त्याले वाटलं म्या त्याची तारीफ करून राह्यलो.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. कोंबडीवाला व्हॅनमधून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "मॅडम, वलांडू काय?"

मी ठाणेदारसाहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीवरून उठून मचाणाखाली आले.

"नियम काय सांगतो, मॅडम?"

"पुढच्या वाहनाला ओलांडायचं नाही."

"मग ओलांडू देऊ नका," ते म्हणाले, आणि परत जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा प्रथमच गावाची कल्पना येत असलेली दिसली.

मी माइकवर जाहीर केलं की कोणी ओलांडायचं नाही.

आता जुनी गाडी भर उन्हात चालण्याच्या वेगाने गोल गोल फिरवली तर काय होतं हे मला माहीत नव्हतं. ते सगळ्यांना लवकरच कळलं. आधी एका निळ्या गाडीच्या बॉनेटखालून वाफ निघाली. ती बाजूला झाली. मग क्रिकेटच्या हेल्मेटवाल्याची गाडी शिट्टी वाजवू लागली, माझ्या शिट्टीपेक्षा मोठी, आणि गप्प झाली. मग फेटेवाल्याची. लोकांनी पिण्याच्या पाण्याच्या कॅना आणून गाड्यांवर ओतायला सुरुवात केली. पाच गाड्या अशा वळणावळणावर वाफा सोडत उभ्या राहिल्या, चुलीवर चहाची भांडी ठेवल्यासारख्या. फिरत राहिल्या फक्त दोन. कोंबडीवाल्याची व्हॅन, कारण ती तासाभरापूर्वीच गॅरेजमधून आली होती. आणि माझ्या नवऱ्याची गाडी, कारण तिच्यासाठी हा नेहमीचाच वेग होता. तो एक हात खिडकीबाहेर टाकून, कोपर टेकवून, बाजारातून घरी येतो तसा येत होता. मला त्याचा चेहरा दिसला. त्याला प्रथमच वाटत होतं की आपण जिंकू शकतो.

मावशी रिकामा डबा घेऊन परत आली तेव्हा हा सगळा प्रकार सुटला. ती सरळ ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. मामाजी थांबले. तिने जवळ जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एवढ्या जोरात बोलली की मला मचाणावर ऐकू आलं. "बाहीर निघा म्हनून राह्यली तुमची सून. केव्हाची बोंबलून राह्यली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं. "मंग मले सांगाचं ना," ते म्हणाले, आणि अध्यक्षांसकट बाहेर गेले.

मी लाल कापड दाखवून शर्यत थांबवली. आता काय करायचं? किती फेऱ्या झाल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. कोंबडीवाला म्हणाला, ट्रॅक्टरमागच्या फेऱ्या धरायच्या नाहीत. माझा नवरा म्हणाला, धरायच्या, त्याच तर चांगल्या झाल्या. मी ठरवलं, दोघं रेषेवर उभे राहतील आणि एकच फेरी होईल, जो पहिला येईल तो जिंकला. दोघांनी मान्य केलं. नवरा मचाणाजवळून जाताना माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "आता पाह्यजो तू."

मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

शिट्टी वाजली आणि माझा नवरा सुटला. मी त्याला वीस वर्षं ओळखते, पण असा माणूस मी पाहिला नव्हता. पांढरी गाडी ओरडत निघाली, पहिल्या वळणावर व्हॅनच्या पुढे गेली, लोक कुंपणावर चढले. दुसऱ्या वळणावर त्याचं दार उघडलं. सगळंच्या सगळं उघडून बाहेर लोंबकळू लागलं. त्याने ते धरायला एक हात बाहेर काढला, हात पुरला नाही, म्हणून तो स्वतःच बाहेर झुकला. एक हात स्टिअरिंगवर, एक दारावर, आणि गाडी धावतेच आहे.

त्या क्षणी मी अधिकारी वगैरे काही नव्हते. तो खाली पडला तर मागून व्हॅन येत होती, एवढंच मला दिसत होतं. माझ्या हातांनी छत्री केव्हा उघडली तेही मला कळलं नाही. मी ती त्याच्याकडे रोखून उभी होते आणि माइकमध्ये काहीतरी ओरडत होते. लोक सांगतात, मी ओरडत होते, "अहो, दार."

त्याने छत्री पाहिली. आणि हे मला सांगायलाच हवं, तो थांबला. रेषा समोर होती, कोतवालभाऊंनी लुंगी वर उचलली होती, आणखी थोडं पुढे गेला असता तर जिंकलाच असता. त्याने ब्रेक मारला. गाडी रेषेच्या अलीकडे, लुंगीचा वारा लागेल एवढ्या अंतरावर, थांबली.

मागून येणारा कोंबडीवाला उघडी छत्री पाहून एवढा हसायला लागला की त्याला वळण दिसलंच नाही. व्हॅन सरळ कुटाराच्या पोत्यांत शिरली. भुशाचा डोंगर उडाला. आम्ही सगळे धावलो. व्हॅनचा दरवाजा उघडून तो बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, भुवयांवर सुद्धा भुसा. त्याला काही झालं नव्हतं. तो शिंकला आणि पुन्हा हसायला लागला.

एवढ्यात मागे धडधड ऐकू आली. व्हॅन अडकलेली पाहून मामाजी कोणालाही न विचारता मैदानात आले होते. त्यांनी साखळी लावली, व्हॅन ओढून काढली, आणि तिला तशीच मागे घेऊन बाहेर जायचा सोपा रस्ता म्हणून सरळ पुढे निघाले. सरळ पुढे रेषा होती. कोतवालभाऊंना सांगितलं होतं, जो पहिला रेषेवर येईल त्याला लुंगी दाखवायची. ते शब्दाचे पक्के. ट्रॅक्टरचं पुढचं चाक रेषेवर आलं आणि त्यांनी लुंगी जोरजोरात हलवली.

गाव कुंपण तोडून आत आलं. लोकांनी मामाजींना खांद्यावर घेतलं, कुठून तरी हार आला. कोणी तरी कूलर उचलून ट्रॅक्टरवर ठेवलासुद्धा.

मग निर्णय द्यायची वेळ आली. मी मध्ये, आणि ठाणेदारसाहेब, अध्यक्ष, कोंबडीवाला आणि माझा नवरा, सगळे भोवती. कोंबडीवाल्याचं म्हणणं, त्याची व्हॅन रेषेपार गेली, ओढून का होईना. लोकांचं म्हणणं, ट्रॅक्टर पहिला आला, एकदाही गरम झाला नाही. अध्यक्ष ट्रॅक्टरच्या बाजूने होते, कारण ते त्यावर बसले होते. माझा नवरा आपल्या गाडीचं दार पुन्हा पुन्हा लावून पाहत होता, आणि ते पुन्हा पुन्हा उघडत होतं.

कोंबडीवाला म्हणाला, "मॅडम, तुमचा मालक, नाई त तुमचे मामाजी. कूलर कुठूनबी तुमच्याच घरी चालला का नाई?"

तो भांडत नव्हता, खरं तेच बोलत होता. मी म्हटलं, ट्रॅक्टर शर्यतीत नव्हता, तो सुरक्षेसाठी होता. पांढरी गाडी बाद आहे. व्हॅन स्वतःच्या इंजिनावर आली नाही. म्हणून कोणीच जिंकलं नाही. कूलर गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाईल.

थोडा आरडाओरडा झाला. ठाणेदारसाहेबांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "मॅडमचा शब्द शेवटचा, असं ठरलं होतं." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी बैलच पळवा." तो कूलर त्या उन्हाळ्यात उपकेंद्रात सुई टोचायच्या खोलीत लागला, आणि गावातले धडधाकट लोकसुद्धा ताप बघायला तिथे जाऊन बसू लागले. परिचारिकाबाईंनी मग वैतागून तो बाळंतिणींच्या खोलीत हलवला.

घरी परतताना पांढऱ्या गाडीत मी आणि नवरा दोघंच होतो. दार त्याने दोरीने बांधलं होतं.

तो म्हणाला, "मले काऊन थांबवलं तू?"

"दार उघडं होतं."

"ते दार त उघडतच राह्यते. लग्नापासून."

"मग लग्नापासून चुकलंच."

एक बैलबंडी आम्हाला मागे टाकून गेली. मग तो म्हणाला, "म्या छत्री पाह्यली, तेव्हा मले वाटलं, तू घाबरली."

"घाबरलेच होते."

"हां," तो म्हणाला. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तो गाडी जामला घेऊन गेला आणि दाराला नवीन कडी लावून आणली. येताना माझ्यासाठी साडी आणली, पिवळी, कारण आधीची धुळीने मातीच्या रंगाची झाली होती. मी आनंदाने नेसले. लुंगी मात्र कोतवालभाऊंनी आठवण म्हणून ठेवून घेतली, आणि मागायला कोणी गेलं नाही.

शर्यतीच्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मामाजी गळ्यात हार घालूनच पाटावर बसले. भाकरी मोडता मोडता त्यांनी मान वर केली आणि आपल्या लेकाला विचारलं, "काय रे, जितलं कोन शेवटी?"

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वरणाची वाटी पुढे सरकवली. तो बापाच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "तुमीच, बाबा."

"मले वाटलंच होतं," मामाजी म्हणाले, आणि आणखी वरण वाढून घेतलं.